'मोलेस्तिया' म्हणजे नेमका किती त्रास? स्पॅनिशमधली गैरसोय इंग्रजीत आणताना

त्रास, अडचण, गैरसोय, कटकट यांसाठी स्पॅनिशमध्ये शब्दांची रेलचेल आहे. त्यातले बरेचसे शब्द इंग्रजी शब्दांचे जुळे भाऊ वाटावेत इतके सारखे दिसतात आणि अनुवाद तिथेच घसरतो. पण सारखे दिसणारे शब्द पाठ करून टाकता येतात. खरं काम पुढचं आहे: त्रास कोणाला झाला, केवढा झाला आणि सांगणारा तो किती अदबीने सांगतोय, हे ठरवल्याशिवाय इंग्रजी शब्द निवडायचा नाही. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणाऱ्याचा या विषयात हमखास घात होतो.

लेखनाबद्दल एक खुलासा. स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. 'बी' आणि 'व्ही' या दोन्ही अक्षरांचा उच्चार सारखाच असल्यामुळे दोन्हींसाठी 'ब' वापरला आहे. जिथे 'स' लिहिला आहे, तिथे स्पेनच्या बऱ्याच भागात काही शब्दांत 'थ'सारखा उच्चार ऐकू येईल.

सुरुवात 'मोलेस्तार'पासूनच करायला हवी. हॉटेलच्या दारावर अडकवायच्या पाटीवर 'नो मोलेस्तार' असतं, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब'. इंग्रजीतला 'मोलेस्ट' आणि हा शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत. जुन्या इंग्रजी कायदेशीर मजकुरात 'मोलेस्ट'चा अर्थही 'उपद्रव देणे' असाच होता. आजच्या इंग्रजीत मात्र तो शब्द लैंगिक अत्याचाराचा झाला आहे. स्पॅनिश 'मोलेस्तार'चा रोजचा अर्थ नुसता त्रास देणे किंवा व्यत्यय आणणे एवढाच. एखाद्या तक्रार अर्जात 'माझा शेजारी मला मोलेस्तार करतो' अशा अर्थाचं वाक्य असेल आणि अनुवादकाने 'मोलेस्ट' लिहिलं, तर एका निरपराध माणसावर गंभीर गुन्ह्याचा आरोप होतो. उलटही सावध राहावं लागतं. बाईला रस्त्यात कोणी 'मोलेस्तार' केलं असं सांगितलं जात असेल, तर संदर्भानुसार ते 'हॅरॅस' असू शकतं, आणि तिथे 'बॉदर' लिहिणं म्हणजे तिची तक्रार पातळ करणं.

व्याकरणात मराठी माणसाला इथे फायदा आहे. 'मे मोलेस्ता एल रुईदो' या वाक्याची बांधणी जवळपास आपल्या 'मला आवाजाचा त्रास होतो' सारखी आहे. ज्याला त्रास होतो तो 'मला', आणि त्रास देणारी गोष्ट कर्ता. इंग्रजीत मात्र एकच साचा पुरत नाही. आवाजाबद्दल 'द नॉइज बॉदर्स मी' चालतं. गुडघ्याबद्दल 'मे मोलेस्ता ला रोदिया' असेल तर 'माय नी इज बॉदरिंग मी', म्हणजे चालू काळ लागतो. एखाद्याच्या बोलण्याबद्दल 'मे मोलेस्तो सु कोमेन्तारिओ' असेल तर 'बॉदर' फार हलका पडतो. तिथे 'त्याच्या बोलण्याने मी वैतागलो' की 'मला लागलं' हे आधी ठरवायचं. पहिल्यासाठी 'अनॉइड', दुसऱ्यासाठी 'अपसेट' किंवा 'हर्ट'. स्पॅनिश क्रियापद दोन्ही पोटात घेतं, इंग्रजी घेत नाही. आसपासच्या दोनतीन वाक्यांत राग दिसतो की दुःख, यावर निवड करावी.

स्पॅनिशमध्ये 'असणे' यासाठी 'सेर' (रूप 'एस') आणि 'एस्तार' (रूप 'एस्ता') अशी दोन क्रियापदं आहेत. 'मोलेस्तो' या विशेषणाला त्यातलं कोणतं लागलं, हेही बघायचं. 'एस मोलेस्तो' म्हणजे तो किंवा ते त्रासदायक आहे: 'अनॉइंग'. 'एस्ता मोलेस्तो' म्हणजे तो नाराज आहे: 'अनॉइड' किंवा 'अपसेट'. लॅटिन अमेरिकेत 'एस्ता मोलेस्तो' बऱ्याचदा सरळ 'रागावलाय' या अर्थाने येतं. क्रियापद बदललं की वैतागलेला कोण आणि वैताग देणारा कोण, हेच उलटं होतं.

आता सर्वांत जास्त चुका जिथे होतात ते परवानगीचे प्रश्न. 'ले मोलेस्ता सि आब्रो ला बेंताना?' याचं इंग्रजी 'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' असं होतं. बोली किंवा तोंडी दुभाषेगिरीत 'डझ इट बॉदर यू' म्हटलं, तर समोरचा बिचकतो, कारण इंग्रजीत त्या प्रश्नाला तक्रारीचा सूर आहे. खिडकी उघडणारा कोण, हेही नीट वाचायला हवं. 'ले इम्पोर्तारिया सेर्रार ला पुएर्ता?' यात मूळ क्रियापद न चालवता ठेवलं आहे, म्हणजे दार ऐकणाऱ्याने लावायचं: 'वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर?' पण 'के' ('की') किंवा 'सि' ('जर') येऊन क्रियापद 'मी'चं रूप घेत असेल, तर दार बोलणारा लावणार: 'वुड यू माइंड इफ आय क्लोज्ड द डोअर?' एवढ्याशा फरकाने काम कोणी करायचं तेच बदलतं.

या प्रश्नाला उत्तर म्हणून 'एन आब्सोलुतो' आलं की नवखा अनुवादक 'अ‍ॅब्सोल्यूटली' लिहून मोकळा होतो. अर्थ नेमका उलट आहे: 'नॉट अ‍ॅट ऑल', अजिबात नाही. 'डू यू माइंड?' ला 'अ‍ॅब्सोल्यूटली' म्हटलं तर 'हो, मला नक्कीच चालणार नाही' असा अर्थ निघतो. नुसतं 'नो' उत्तर असेल तरी इंग्रजीत 'नो, गो अहेड' असं पूर्ण करणं बरं. कोरडं 'नो' ऐकून समोरच्याला नकार मिळाल्यासारखं वाटतं.

मेक्सिकोत जेवणाच्या टेबलावर 'ते मोलेस्तो कोन ला साल?' असं विचारतात. शब्दशः ते 'मिठासाठी तुला तसदी देऊ का?' असं आहे. 'कुड आय ट्रबल यू फॉर द सॉल्ट?' हे इंग्रजी बरोबर आहे, पण घरगुती संवादात फार ठेवणीतलं वाटतं. तिथे 'कुड यू पास द सॉल्ट, प्लीज?' पुरे. अदब मूळ वाक्यात 'मोलेस्तो'मध्ये होती, इंग्रजीत ती 'कुड' आणि 'प्लीज'मध्ये गेली. काहीही हरवलं नाही.

'नो से मोलेस्ते' हे आणखी एक फसवं वाक्य. पाहुणा यजमानाला म्हणतो तेव्हा ते प्रेमळ आहे: 'प्लीज डोन्ट गो टू एनी ट्रबल'. शब्दकोश बघून 'डोन्ट बॉदर' लिहिलं तर इंग्रजी कानाला ते 'राहू दे, काही गरज नाही' असं फटकारल्यासारखं लागतं. शिवाय हेच वाक्य, विशेषतः 'नो ते मोलेस्तेस' या जवळिकीच्या रूपात, 'रागावू नकोस' या अर्थानेही येतं. मग 'डोन्ट बी अपसेट' किंवा 'डोन्ट टेक इट द राँग वे'. ओळखायचं कसं? आधीच्या वाक्यात कोणी काही करायला उठला असेल तर पहिला अर्थ, कोणी काही बोललं असेल तर दुसरा. 'मोलेस्तार्से एन' पुढे क्रियापद आलं तर तिसराच अर्थ: 'ही डिडन्ट ईव्हन बॉदर टू कॉल', म्हणजे फोन करायची तसदीसुद्धा घेतली नाही. 'तोमार्से ला मोलेस्तिया दे' हे 'टेक द ट्रबल टू', आणि यात आभाराचा सूर असतो.

'मोलेस्तिया' हे नाम सगळ्यांत जास्त दिसतं ते पाट्यांवर आणि ग्राहकांना पाठवलेल्या पत्रांत. 'दिस्कुल्पेन लास मोलेस्तियास' स्पॅनिशमध्ये अनेकवचनी आहे, इंग्रजी 'इनकन्व्हीनियन्स' माफीच्या वाक्यात एकवचनीच राहतं. 'इनकन्व्हीनियन्सेस' दिसलं की मजकूर अनुवादित आहे हे पहिल्याच ओळीत कळतं. त्याहून महत्त्वाचा मुद्दा 'एनी' आणि 'द' यांतला आहे. इंग्रजी माफीनाम्यात 'एनी इनकन्व्हीनियन्स' म्हणजे 'झाली असल्यास'. 'द इनकन्व्हीनियन्स' म्हणजे गैरसोय झाली हे आम्ही मान्य करतो. कोणतं लिहायचं हे स्पॅनिशच्या क्रियापदावरून समजतं. 'लास मोलेस्तियास ओकासिओनादास' असेल तर झालेला त्रास मान्य आहे: 'द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड'. 'लास मोलेस्तियास के ले आयामोस पोदिदो ओकासिओनार' असेल तर क्रियापद शक्यतेच्या रूपात आहे: 'एनी इनकन्व्हीनियन्स वी मे हॅव कॉज्ड'. कंपनीच्या वकिलाने दुसरं वाक्य मुद्दाम निवडलेलं असतं. अनुवादकाने भल्या मनाने 'द' घातला तर कंपनीच्या तोंडी तिने न दिलेली कबुली येते.

एक साधी सूचना घेऊन बघू. 'पोर ओब्रास दे मेहोरा, एल आसेन्सोर पेर्मानेसेरा फुएरा दे सेर्बिसिओ आस्ता एल बिएर्नेस. रोगामोस दिस्कुल्पेन लास मोलेस्तियास.' आधी 'रोगामोस' बाजूला काढायचं. शब्दशः ते 'आम्ही विनवतो' आहे, पण इंग्रजी पाटीवर 'वी बेग यू' वाचून लोक थबकतील. ती नम्रता 'वी अपॉलजाइज' मध्ये आपोआप येते. मग 'फुएरा दे सेर्बिसिओ'. ठरवून केलेल्या दुरुस्तीसाठी 'आउट ऑफ सर्व्हिस', बिघडलेल्या यंत्रासाठी 'आउट ऑफ ऑर्डर'. इथे काम ठरवून चाललंय, म्हणून पहिलं. 'आसेन्सोर' हा ब्रिटिश वाचकांसाठी 'लिफ्ट', अमेरिकनांसाठी 'एलिव्हेटर'. तयार वाक्य: 'ड्यू टू इम्प्रूव्हमेंट वर्क, द लिफ्ट विल बी आउट ऑफ सर्व्हिस अंटिल फ्रायडे. वी अपॉलजाइज फॉर द इनकन्व्हीनियन्स.' लिफ्ट बंद म्हणजे गैरसोय नक्की आहे, म्हणून 'द'.

'आस्ता' वर मात्र बोट ठेवून थांबायचं. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेच्या काही भागांत 'एल बान्को आब्रे आस्ता लास दिएस' याचा अर्थ 'बँक दहापर्यंत उघडी' असा नसून 'बँक दहाला उघडते, त्याआधी नाही' असा असतो. इंग्रजीत ते 'डझन्ट ओपन अंटिल टेन' होतं. स्पेनमधल्या माणसाला तेच वाक्य विचित्र वाटेल. म्हणून सूचनेत वेळ किंवा तारीख असेल तेव्हा ती कुठल्या देशातून आली हे विचारून घ्यावं, आणि शुक्रवार धरून की वगळून हेही. माफीचं वाक्य थोडं वाकडं झालं तर कोणाचं बिघडत नाही, पण तारीख चुकली तर लोक खरोखर अडकतात.

अशा सूचनांत 'पोर काउसास आहेनास आ नुएस्त्रा बोलुन्ताद' हमखास येतं. 'आमच्या इच्छेबाहेरच्या कारणांनी' असं न करता 'ड्यू टू सर्कमस्टन्सेस बियाँड अवर कंट्रोल' हे ठरलेलं वाक्य घ्यावं. ठरलेल्या वाक्याला ठरलेलंच वाक्य हवं. इथे कल्पकता दाखवली तर वाचक उगाच काही वेगळं सांगितलंय का ते शोधत बसतो.

अधिकृत जोडमजकूर बघायची सवय या कामात सोन्यासारखी आहे. युरोपीय संघाचा विमानप्रवाशांच्या हक्कांचा नियम, 261/2004, याच्या प्रस्तावनेत उड्डाण रद्द झाल्याने किंवा खूप उशीर झाल्याने प्रवाशांना होणाऱ्या त्रासासाठी इंग्रजीत 'सीरियस ट्रबल अँड इनकन्व्हीनियन्स' आहे, आणि स्पॅनिशमध्ये 'ग्राबेस त्रास्तोर्नोस इ मोलेस्तियास'. स्पॅनिशमधली दोन्ही नामं अनेकवचनी, इंग्रजीत दोन्ही एकवचनी. 'त्रास्तोर्नो' हा इथे 'ट्रबल' झाला आहे. युर-लेक्स या संकेतस्थळावर एकाच कायद्याच्या दोन भाषा शेजारीशेजारी स्तंभांत उघडता येतात. विमानसेवा, ग्राहक हक्क, प्रवास यांवरचा मजकूर करताना तिथे दहा मिनिटं घालवली तर पुढचे कितीतरी तर्क वाचतात.

कायद्यात शब्द आणखी कडक होतात. स्पेनचा 1961 चा 2414 क्रमांकाचा अध्यादेश 'आक्तिबिदादेस मोलेस्तास, इन्सालुब्रेस, नोसिबास इ पेलिग्रोसास', म्हणजे उपद्रवी, आरोग्याला अपायकारक, हानिकारक आणि धोकादायक उद्योग, यांबद्दल होता. पुढे 2007 च्या हवेच्या गुणवत्तेच्या कायद्याने तो रद्द केला, पण हा शब्दसमूह मागे उरलाच. 1960 च्या सामायिक मालकीच्या इमारतींच्या कायद्यातल्या सातव्या कलमात आजही तो सापडतो. इथे 'आक्तिबिदादेस मोलेस्तास' म्हणजे 'अनॉइंग अ‍ॅक्टिव्हिटीज' नव्हे. गोंगाट, धूर, दुर्गंधी अशा उपद्रवासाठी इंग्रजी कायद्याचा शब्द 'न्यूसन्स' आहे, म्हणून 'अ‍ॅक्टिव्हिटीज कॉजिंग अ न्यूसन्स'. आणि 'दान्योस इ पेर्हुइसिओस' ही जोडी दिसली तर दोन शब्द शोधत बसू नये. भरपाईच्या अर्थाने इंग्रजीत एकच 'डॅमेजेस'. 'पेर्हुइसिओ' हा 'प्रेज्युडिस' सारखा दिसतो, पण साध्या मजकुरात तो पूर्वग्रह नसून नुकसान आहे. पूर्वग्रहाला स्पॅनिशमध्ये 'प्रेहुइसिओ' म्हणतात, एका अक्षराच्या जागेचा फरक.

वैद्यकीय कागदांवर 'मोलेस्तिया' चं वजन सर्वांत काटेकोरपणे मोजावं लागतं. 'पुएदे सेन्तिर मोलेस्तियास' म्हणजे 'यू मे फील सम डिसकम्फर्ट', इथेही एकवचन. ते 'पेन' करू नये, कारण वेदनेसाठी 'दोलोर' हा वेगळा शब्द आहे आणि लिहिणाऱ्याने तो टाळला आहे. रुग्ण 'तेंगो उनास मोलेस्तियास एन एल पेचो' म्हणाला तर दुभाष्याने 'चेस्ट डिसकम्फर्ट' म्हणावं. 'छातीत काहीतरी त्रास' असं ढोबळ 'ट्रबल' म्हणून ते हलकं करू नये आणि 'पेन' म्हणून वाढवूही नये. डॉक्टर त्या नेमक्या शब्दावरून पुढचे प्रश्न ठरवतात. 'त्रास्तोर्नो' वैद्यकात 'डिसऑर्डर' होतो. औषधांच्या पत्रकांत दुष्परिणामांच्या वर्गांत 'त्रास्तोर्नोस गास्त्रोइन्तेस्तिनालेस' ला 'गॅस्ट्रोइन्टेस्टिनल डिसऑर्डर्स' हेच ठरलेलं नाव आहे. तोच शब्द घरगुती बोलण्यात 'फार तसदी नसेल तर' अशा वाक्यात आला, तर तिथे 'इफ इट्स नॉट टू मच ट्रबल'.

आता 'इन्कोन्बेनिएन्ते'. दिसायला थेट 'इनकन्व्हीनियंट', आणि बहुतेक वेळा तो तसा नसतोच. नाम म्हणून त्याचा अर्थ तोटा, आक्षेप किंवा अडथळा. 'बेंताहास ए इन्कोन्बेनिएन्तेस' म्हणजे 'अ‍ॅडव्हान्टेजेस अँड डिसअ‍ॅडव्हान्टेजेस'. 'नो तेंगो इन्कोन्बेनिएन्ते एन' म्हणजे 'आय हॅव नो ऑब्जेक्शन टू', आणि त्यापुढे इंग्रजीत क्रियापदाचं 'इंग' रूप लागतं, मूळ रूप नाही. 'आय हॅव नो ऑब्जेक्शन टू साइनिंग' बरोबर, 'टू साइन' खटकतं. लॅटिन अमेरिकेत 'तुबे उन इन्कोन्बेनिएन्ते' किंवा 'सुर्हिओ उन इन्कोन्बेनिएन्ते' म्हणजे मोघम 'काही अडचण आली'. त्याला 'समथिंग केम अप' इतकं नेमकं दुसरं काही नाही, कारण दोन्हीकडे कारण न सांगण्याची मुभा आहे. यंत्रणेबद्दल असेल तर 'टेक्निकल डिफिकल्टीज'. विशेषण म्हणून 'उन कोमेन्तारिओ इन्कोन्बेनिएन्ते' हा अनुचित शेरा, 'इनअ‍ॅप्रोप्रिएट'. आणि 'इन्कोन्बेनिएन्सियास' बोलणं म्हणजे नको ते बोलणं. मेक्सिकोच्या बातम्यांत कोणी 'एन एस्तादो इन्कोन्बेनिएन्ते' सापडला असेल तर तो दारू प्यायलेला होता, इतकंच.

मग इंग्रजी 'इनकन्व्हीनियंट' च्या जागी स्पॅनिशमध्ये काय असतं? वेळेबद्दल 'मे बिएने माल': 'दॅट डझन्ट वर्क फॉर मी'. कामाच्या तासांबद्दल 'ओरारिओ इन्कोमोदो': 'इनकन्व्हीनियंट अवर्स'. पण 'इन्कोमोदो' खुर्चीला लागला तर 'अनकम्फर्टेबल', शांततेला किंवा प्रश्नाला लागला तर 'ऑकवर्ड'. मोजक्याच विशेषणांत इतकी फोड करावी लागते.

काही शब्द पटकन उरकण्याजोगे आहेत. 'एस्तोर्बार' म्हणजे वाटेत येणे: 'अ‍ॅम आय इन द वे?' पण वृद्ध माणूस स्वतःला 'एस्तोर्बो' म्हणाला तर ते 'बर्डन' आहे आणि तिथे 'न्यूसन्स' लिहिणं निर्दय होईल. 'एन्गोर्रोसो' हा किचकट कागदपत्रांचा शब्द, 'कम्बरसम'. 'कोन्त्रातिएम्पो' म्हणजे 'सेटबॅक' किंवा 'हिच', 'सिन कोन्त्रातिएम्पोस' म्हणजे 'विदाउट अ हिच'. 'मे दा पेरेसा' हे आळशीपणाचं कबुलीपत्र नाही. 'आय कान्ट बी बॉदर्ड' इतकाच त्याचा जोर. 'फास्तिदिओ' म्हणजे 'न्यूसन्स', इंग्रजी 'फस्टिडियस' शी त्याचा आज काही संबंध नाही. 'एक्स्तोर्सिओन' चा मुख्य अर्थ खंडणी हाच, पण स्पेनमध्ये कोणी 'तुला फार एक्स्तोर्सिओन होत नसेल तर' म्हटलं तर ते फक्त 'इफ इट डझन्ट पुट यू आउट' असतं.

बोलीतल्या कटकटीला देशाचा शिक्का असतो. 'दार ला लाता' सगळीकडे कळतं आणि कोणासमोरही चालतं: 'टू बी अ पेन', 'टू पेस्टर'. 'इन्कोर्दिआर' आणि 'दार ला तबार्रा' स्पेनचे. 'पोनेर पेगास' स्पेनमध्ये म्हणजे खुसपटं काढणे, पण चिलीत 'पेगा' म्हणजे नोकरी. 'फ्रेगार' स्पेनमध्ये भांडी घासणं, लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात डोकं खाणं. 'कोन्यासो' स्पेनमध्ये कंटाळवाण्या गोष्टीसाठी वापरला जाणारा असभ्य शब्द, व्हेनेझुएलात तोच एक जोराचा ठोसा. म्हणून उपशीर्षकं करताना पात्र कुठलं ते आधी बघावं, मग 2010 सालचा 'दिक्सिओनारिओ दे आमेरिकानिस्मोस' उघडावा, आणि स्पेनच्या शब्दांसाठी रॉयल स्पॅनिश अकादमीचा कोश. अकादमीच्या कोशात असभ्य शब्दापुढे 'मालसोन' ही खूण असते. ती दिसली की इंग्रजीतही तितकाच असभ्य शब्द हवा, आणि ती नसेल तर 'पेन इन द नेक' च्या पुढे जाऊ नये.